आजीच्या गालावरचा शेवटचा त्रिकोण

आधीच सांगून टाकतो, मला त्रिकोणाचा राग आहे. कुणाला पालीचा येतो, कुणाला कारल्याचा येतो, मला त्रिकोणाचा येतो. समोसा खातो मी, नाही असं नाही, पण कुरकुरत खातो. हा राग काही शाळेतल्या भूमितीमुळे आलेला नाही. भूमितीत मला चांगले मार्क असायचे. तो आला माझ्या पहिल्या नोकरीमुळे, आणि ज्या आजींच्या तोंडापायी आला त्या बिचाऱ्यांनी माझं काहीएक वाकडं केलेलं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी डोंबिवलीचा, गणित घेऊन बी.एस्सी. झालेलो, म्हणजे वडिलांच्या मते बेकारच. दोन-तीन कॉम्प्युटर कोर्स करून शेवटी ठाण्याला कोलशेतमध्ये एका औद्योगिक गाळ्यात चिकटलो. खाली पत्र्याचे डबे ठोकायचा कारखाना आणि वर, लोखंडी जिना चढून गेलं की, आमचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे तीन कॉम्प्युटर, एक एसी आणि साहेब. एसी कॉम्प्युटरसाठी होता. आम्ही त्याच्या वाऱ्यात बसलो तर साहेब म्हणायचे, "सरक जरा, मशीनला लागू दे." खाली डब्याचं प्रेस 'धाड्' करून पडलं की वर आमचे मॉनिटर हलायचे आणि माउसखालची रेघ निसटून भलतीकडे जायची. आम्ही दोन धाडींच्या मध्ये काम करायला शिकलो होतो.

साहेब मूळचे ड्राफ्ट्समन. आयुष्यभर बोर्डावर नकाशे काढलेले, मग कुठेतरी कॉम्प्युटरने काढलेली, पडद्यावर गोल फिरणारी किटली बघून आले आणि नोकरी सोडून त्यांनी तसली हलती चित्रं करायचं हे दुकान मांडलं. माणूस प्रेमळ, पण तापट. मीही तापट. त्यामुळे गाळ्यात एसीचा उपयोग फार होत नसे.

वडिलांची अट सरळ होती. दिवाळीपर्यंत नोकरी पक्की झाली तर कर, नाहीतर खडवलीला काकाच्या पोल्ट्रीवर जा. काकाला विश्वासाचा माणूस हवा होता. मला कोंबड्यांचं वावडं नाही, पण कोंबड्यांना माझं आहे. कॉलेजात असताना एकदा सुट्टीत गेलेलो तर एका कोंबड्याने मला शेडपासून थेट रस्त्यापर्यंत पळवलं, आणि काकू ओट्यावर बसून तांदूळ निवडत "अरे, थांब, तो काही करत नाही" म्हणत होती. त्याने दोन ठिकाणी केलं होतं. तेव्हा ठरवलेलं, काहीही झालं तरी पक्षी नको.

त्या वर्षी आषाढाच्या सुमाराला साहेबांकडे कल्याणहून एक मसालेवाले आले. त्यांच्या मसाल्याच्या पाकिटावर त्यांच्या आईचा फोटो असायचा. फोटोत आजी अशा बघायच्या की मसाला कमी घातलात तर याद राखा. मसालेवाल्यांचं म्हणणं, आता टीव्हीवर जाहिरात करायची, आणि जाहिरातीत पाकिटावरची आई हसली पाहिजे. फोटो नाही, सगळीकडून दिसणारं, वळणारं, हसणारं डोकं. साहेब म्हणाले, "होऊन जाईल." साहेब कशालाही "होऊन जाईल" म्हणायचे आणि मग माझ्याकडे वळायचे.

कल्याणच्या एका गणपतीच्या मूर्तिकाराकडून फोटोवरून आजींचं प्लास्टरचं डोकं करून घेतलं. त्याने हात अगदी मनापासून लावला, पण सवय जाते का? डोळे किंचित लांबले आणि चेहऱ्यावर वरदहस्ताचे भाव आले. त्या डोक्यावर साहेबांनी स्वतः, टोकदार पेन्सिलीने, हजारो बिंदू काढले. चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग ते डोकं गोधडीत गुंडाळून मुंबईला पाठवलं. तिथे भाड्याने मिळणारं एक यंत्र होतं, त्याच्या लोखंडी हाताचं टोक एकेका बिंदूला टेकवायचं की तो बिंदू कॉम्प्युटरमध्ये जायचा. आठवड्याने डोकं परत आलं, सोबत एक सीडी. सीडीत आजी होत्या आणि आजी पूर्णपणे त्रिकोणांच्या होत्या.

आता हे नीट सांगतो, नाहीतर माझा राग कळायचा नाही. कॉम्प्युटरला नाक, गाल काही कळत नाही. त्याला बिंदू कळतात आणि बिंदू जोडणाऱ्या रेघा कळतात. तीन-तीन बिंदू जोडून तो सगळ्या तोंडावर त्रिकोणांची जाळी घालतो. जाळी गप्प बसली असेल तोवर ठीक. पण तिला हसवायला गेलं की पंचाईत. त्रिकोण वाट्टेल त्या दिशेला तोंड करून बसलेले असतात, त्यामुळे कातडी वाट्टेल तिथे मोडते. पहिल्यांदा मी आजींना हसवलं तेव्हा त्यांचं तोंड भजी बांधून आणलेल्या कागदासारखं झालं. साहेब म्हणाले, "बंद कर आधी ते." चौकोनांचं तसं नसतं. चौकोन ओळीत बसतात. तोंडाभोवती एक ओळ, तिच्याबाहेर दुसरी, मग तिसरी, आणि ओठ हलले की ओळीच्या ओळी समंजसपणे मागे सरतात.

म्हणजे काम काय, तर सगळ्या त्रिकोणांचे चौकोन करायचे. शेजारशेजारचे दोन त्रिकोण घ्यायचे, त्यांच्या मधली रेघ पुसायची, झाला चौकोन. आमच्या घरी आई शंकरपाळे करताना उलट व्हायचं. ती पोळी लाटून कातण्याने उभ्या-आडव्या रेघा मारायची, मधले चौकोन पाहुण्यांच्या डब्यात जायचे आणि पोळीच्या काठाला जे वेडेवाकडे त्रिकोण उरायचे ते आम्हा घरच्यांना. चोवीस वर्षं मी त्रिकोणच खात आलेलो. त्यामुळे या कामाला आपणच लायक असं मला उगाचच वाटलं.

साहेबांनी विचारलं, "किती चौकोन होतील?"

मी म्हटलं, "शंभर टक्के."

कुणी विचारलं होतं का शंभर टक्के? नव्वद म्हटलं असतं, पंचाण्णव म्हटलं असतं. पण माझ्या तोंडाला पहिल्यापासून दार नाही. साहेब खूश झाले. त्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याच्या खाली एक ओळ असायची, त्यात त्रिकोण किती, चौकोन किती ते आकडे दिसायचे. साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. काचेवर त्यांच्या बोटाचा ठसा उमटला. "इथे त्रिकोणांपुढे शून्य आलं," ते म्हणाले, "आणि त्या आजींनी तोंड पसंत केलं, की त्याच दिवशी तुला नोकरीचा कागद देतो. पक्का." मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, "शून्य आणायला दिवाळीपर्यंत वेळ लागतो?"

आता सॉफ्टवेअरमध्ये एक बटण होतं, दाबलं की ते आपणहून जोड्या लावायचं. मी दाबलं. ते कसं जोड्या लावायचं माहितीये? लग्नाच्या पंगतीत जो तो आपल्याला हव्या त्या माणसाशेजारी बसतो आणि मग मध्येमध्ये एकेक पान रिकामं राहतं, तसं. आजींच्या तोंडभर तीनशेच्या वर एकटे त्रिकोण उरले. कुणी भुवईत, कुणी हनुवटीवर, नाकाच्या शेंड्यावर तर चौघे, पण चौघांची तोंडं चार दिशांना.

एक उपाय होता. सगळ्याच तुकड्यांचे आणखी तुकडे केले की सगळं आपोआप चौकोनी होतं. पण मग आकडा इतका फुगायचा की आमचं मशीन आजींचं अर्धं कपाळ दाखवून थांबायचं. मी जेवून यायचो तेव्हा भुवया आलेल्या असायच्या. तेव्हा हाताने करणं आलं.

हाताने करायची युक्ती मला आठवड्यात सापडली आणि त्या दिवशी मी स्वतःला वडापाव खाऊ घातला. एकट्या त्रिकोणाशेजारी चौकोन असतोच. त्या चौकोनात तिरकी रेघ मारून त्याचे दोन त्रिकोण करायचे, जवळचा आपल्या एकट्याला जोडायचा, मग पलीकडचा एकटा पडतो. म्हणजे आपला एकटा एक घर पुढे सरकला. असं सरकवत सरकवत दोन एकटे समोरासमोर आणायचे आणि मधली रेघ पुसून टाकायची. संपला संसार, म्हणजे सुरू झाला. मी अख्खा श्रावण हेच केलं. उजव्या कानामागचा एक आणि डाव्या नाकपुडीतला एक, यांची भेट घडवायला मला दीड दिवस लागला. जुळले तेव्हा मी "चला!" म्हणून ओरडलो आणि खाली प्रेसवाले घाबरले.

तीनशेचे दोनशे झाले, मग पन्नासच्या आत आले. गणपतीत मी सुट्टी घेतली नाही. सात उरले, पाच उरले, तीन उरले. आणि मग एक.

तो एक काही जाईना.

आता एकट्याला जोडायचं कुणाशी? सगळे सुखाने चौकोनात. मी त्याला फिरवायला लागलो. गालावर ठेवला तर हसताना आजींनी दाढेखाली सुपारी लपवल्यासारखं दिसायचं. नाकावर नेला तर पुटकुळी. कपाळाच्या मधोमध गेला तेव्हा साहेब मागून आले आणि म्हणाले, "अरे, हे काय? तिसरा डोळा?" मी म्हटलं, "साहेब, तात्पुरता आहे." मी त्याला कापला. त्याचे तीन झाले, त्यातल्या दोघांची जोडी लागली, एक उरला. शेजारच्यांसकट कापला. आधी दोन वाढले, जोडी लागली, एक उरला. कितीही कापा, वाढायचे ते जोडीनेच वाढायचे आणि शेवटी तो एक आपला तिथेच, मख्खासारखा. रोज सकाळी मी मशीन चालू करायचो आणि खालच्या ओळीत बघायचो. त्रिकोण: १. मला त्या एकची इतकी चीड आली की कॅलेंडरवर एक तारीख आली तरी तोंड फिरवायचो.

गणितात बी.एस्सी. झालेल्या माणसाने इथे थांबून विचार करायला हवा होता. मी काय केलं? मशीनला शिव्या दिल्या. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. यूपीएसवर संशय घेतला. साहेबांनी एका मंगळवारी मशीनसमोर नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर उडालं आणि दोन दिवस 'क' दाबला की दोनदा उमटायचा. त्रिकोण एकच राहिला.

तिकडे घरी काकाचा फोन. आईने रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारलं, "तुझ्या पायाचं माप किती?"

"कशाला?"

"काका गमबूट घेतोय तुझ्यासाठी."

मी म्हटलं, "सांग, पायच नाहीत मला." आईने खरंच फोनवर सांगितलं, "आठ नंबर."

दसरा झाला. मसालेवाल्यांचा निरोप आला, पुढच्या शनिवारी आईला घेऊन येतोय. साहेबांनी ओळ बघितली, एक बघितला आणि त्यांचा पारा चढला. "अरे, मागे अंबाड्यात लपव ना त्याला! कोण बघतंय?"

"लपवला तरी ओळीत एक दिसणारच ना साहेब! तुम्हीच म्हणालात शून्य!"

"मी म्हणालो? शंभर टक्के कोण म्हणालं?"

"मग तुमच्या बिंदूंमध्येच खोट असणार काहीतरी!"

हे बोलायला नको होतं. ज्या माणसाने पंचवीस वर्षं नकाशे काढले त्याच्या बिंदूंना नाव ठेवणं म्हणजे त्याच्या आईच्या आमटीला नाव ठेवणं. साहेब उठून उभे राहिले. "माझ्या बिंदूंत खोट? अरे, मी कुठे हात आखडता घेतलाय? डोळ्यांच्या खोबणी बघ, सारख्या! ओठ बघ, वर जितके तितकेच खाली! आणि मानेच्या काठाला तर पन्नासात भागत होतं, मी स्वतःहून एक जास्त दिलाय. शकुनाचा! शुभकामाला नुसते पन्नास ठेवू? एकावन्न केले!"

खाली धाड् झालं. मॉनिटर हलले. मी माउस सोडून साहेबांकडे वळलो.

"एकावन्न?"

"एकावन्न. का?"

मी कागद ओढला. आजींच्या जाळीत आतली प्रत्येक रेघ दोघांच्या सामाईक भिंतीसारखी, अलीकडे एक घर, पलीकडे एक. काठावरच्या रेघांना मात्र एकच मालक, आणि डोळ्यांच्या नि तोंडाच्या भोकांचे काठ होते सम. फक्त मान जिथे कापलेली, तिथल्या काठावर रेघा एकावन्न. चौकोनांच्या भिंती चाराचाराने मोजायच्या, त्यातून दोन-दोनदा मोजलेल्या आतल्या भिंती वगळल्या की काठ उरतो, म्हणून सगळे चौकोन असतील तर काठ समच यायला हवा. काठ विषम ठेवला की कुठेतरी एक तीन भिंतींचा राहणारच. मी जन्मभर फिरवला असता तरी तो जाणार नव्हता. दोन आठवडे मी ज्याला शिव्या घालत होतो तो त्रिकोण साहेबांनी स्वतःच्या हाताने, हळदीकुंकू लावून, आत बसवलेला होता.

मला हसू आलं, मग रडू आलं, मग भयंकर राग आला. मी म्हटलं, "साहेब, तो एक काढा."

"शकुनाचा काढायचा? डोकं ठिकाणावर आहे का? मसालेवाले पहिलं मोठं गिऱ्हाईक आहेत आपलं."

"मग एक वाढवू. बावन्न."

"बावन्न म्हणजे पत्ते! जुगार! तू मला देशोधडीला लावशील. वाढवायचेच तर एकशे एक कर."

"एकशे एक विषम!"

"एकवीस?"

"विषम!"

"एक हजार एक?"

"साहेब, तुमचा शकुन एकूण एक विषम आहे!"

हे आम्ही दोघं इतक्या मोठ्याने ओरडत होतो की खालचे डबेवाले जिन्यात येऊन उभे राहिले. साहेब घाम पुसत बसले. त्यांचं खरं होतं. आपल्याकडे कुणी वीस दूर्वा वाहतं का? पन्नास रुपयांचं आहेराचं पाकीट देतं का? त्या एकाशिवाय काम पुरं झाल्यासारखं वाटतच नाही कुणाला. मलाही नाही. मी स्वतः मुलाखतीला जाताना देवापुढे एकवीसच अथर्वशीर्षं म्हटली होती. पण आता प्रश्न माझा किंवा कोंबड्यांचा होता. मी डोकं खाजवलं आणि एकदम सुचलं.

"साहेब," मी हळूच म्हटलं, "बावन्नकशी."

"काय?"

"सोनं कसं असतं, एकदम खरं? बावन्नकशी. एकावन्नकशी कुणी म्हणतं का?"

साहेबांनी ते ओठातल्या ओठात दोनदा म्हणून बघितलं. मग चेहरा उजळला. "मी तेच म्हणत होतो," ते म्हणाले, "बावन्न ठेवू."

मी त्या त्रिकोणाला कपाळावरून कानामागे, कानामागून मानेवर, मानेवरून काठापर्यंत आणलं. काठावरच्या त्याच्या रेघेच्या मधोमध एक बिंदू टाकला. त्याला चौथा कोपरा आला. इतकंच. खाली बघितलं, त्रिकोण: ०. तीन महिने मी ज्या शून्याची वाट बघितली ते इतकं गोल आणि गोजिरं दिसलं की मी काचेवरचा साहेबांच्या बोटाचा जुना ठसा बाहीने पुसून घेतला. साहेबांनी पेढे आणले. डबेवाल्यांनाही दिले. मला दोन दिले, पण कागद नाही. "आजींची पसंती व्हायचीये," ते म्हणाले.

शनिवारी मसालेवाले आईला घेऊन आले. फोटो बघून आमच्यावर जरब बसलेली, त्यामुळे आम्ही दोघंही उभे. जिन्यावरून एक एवढीशी म्हातारी वर आली, नऊवारी, हातात छत्री, प्रत्येक पायरीला "आई गं" म्हणत. तोंडात पुढचे दोनच दात होते. आम्ही पडद्यावर बत्तीसच्या बत्तीस बसवलेले. मसालेवाल्यांनी आईला मॉनिटरसमोर बसवलं. मी बटण दाबलं. पडद्यावरचं डोकं वळलं आणि हसलं. खरं सांगतो, सुंदर हसलं. ओठ फाकले, ओळीमागून ओळ मागे सरली, गाल वर आले, कुठे सुरकुती चुकीची नाही, कुठे पुटकुळी नाही. मला अभिमानाने भरून आलं.

आजींनी बराच वेळ बघितलं. "बरी हाय," त्या म्हणाल्या. "कोन हाय ही?"

"आई, तूच आहेस."

"आसं?" पुन्हा बघितलं. "बरी हाय मग."

"पसंत आहे ना?"

"बरी हाय म्हन्ते ना."

झालं! मसालेवाल्यांनी साहेबांशी हात मिळवला. साहेबांनी ड्रॉवर उघडला, माझा कागद काढला. टाइप करून ठेवलेला होता, माझं नाव टाकून. पेन काढलं, उभ्या उभ्याच सही केली, सहीखाली दोन टिंबं दिली, आणि समाधानाने आपल्या खुर्चीत बसले. खुर्चीचं एक चाक गेले कित्येक महिने सैल होतं. ते त्याच क्षणी निघालं. खुर्ची घाईने पडली नाही, सावकाश, साहेबांचा मान राखून कलंडत गेली, आणि साहेब हातात पेन तसंच उभं धरून जमिनीवर जाऊन बसले. टोपण लांब घरंगळलं.

आणि आजी हसल्या.

त्यांचं हसू आधी कपाळात आलं. मग डोळे गेले, म्हणजे अक्षरशः गेले, दोन रेघा उरल्या. कान हलले. गाल वर नाही, आत गेले, हनुवटी नाकाला जाऊन भेटली, आणि तोंड सगळ्यात शेवटी उघडलं, तेही आवाज न करता. सगळा चेहरा डोळ्यांच्या कोपऱ्यांकडे पळत होता. आमच्या पडद्यावरच्या बाईचं तोंड आधी हसायचं आणि बाकीचा चेहरा त्याच्यामागे फरफटत जायचा. मी ओळी घातलेल्या तोंडाभोवती. या बाईला ओळी हव्या होत्या डोळ्यांभोवती. तीन महिने मी तिच्या तोंडावर रेघ न् रेघ फिरलो होतो आणि त्या तोंडाबद्दल मला काहीही कळलेलं नव्हतं. मला लाज वाटली. शून्याची सुद्धा लाज वाटली.

"साहेब," मी म्हटलं, "चुकलंय हे."

साहेब जमिनीवरूनच म्हणाले, "काय चुकलंय? पसंत झालंय!"

"रेघा चुकल्यात. सगळ्या डोळ्यांपासून परत घालायला लागतील."

साहेब उठले, माझ्या दंडाला धरून कोपऱ्यात घेऊन गेले. दात ओठ खात, पण पाहुण्यांकडे हसून बघत म्हणाले, "हा कागद बघ. सही ओली आहे. आता त्या तोंडाला हात लावलास तर सोमवारी येऊ नकोस. समजलं?"

समजलं होतं. मसालेवाले घड्याळात बघत होते, त्यांनाही काही नको होतं. जाहिरात दहा सेकंदांची. कुणाला कळणार होतं? खडवलीला आठ नंबरचे गमबूट येऊन पडले होते. कागद माझ्यापासून दोन हातांवर होता, घ्यायचा आणि "थँक्यू साहेब" म्हणायचं. मी तेच करायला वळलो, देवाशपथ, आणि मध्ये आजी दिसल्या. अजून पदराने डोळे पुसत होत्या.

साहेबांच्या जुन्या ड्रॉइंग बोर्डावर मऊ काळी पेन्सिल होती ती मी उचलली. "आजी," मी म्हटलं, "रागावू नका. तुमच्या तोंडावर थोड्या रेघा ओढू का? हसताना कुठे काय हलतं ते मला बघायचंय. नंतर ओल्या फडक्याने पुसून देतो."

"अहो, काय बोलताय!" मसालेवाले पुढे झाले. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

आजींनी मुलाला हाताने बाजूला केलं. छत्री त्याच्याकडे दिली. डोक्यावरचा पदर मागे सारला, स्टूल माझ्याकडे ओढलं आणि हनुवटी वर करून बसल्या.

"ओढ रे पोरा," त्या म्हणाल्या. "आर्ध्या तर हायेतच."

पहिली रेघ मी डोळ्याच्या कोपऱ्यापाशी सुरू केली आणि ती नीट दिसेना, कारण उजेड पाठीमागून येत होता. तेवढ्यात बाजूने प्रकाश पडला. साहेब टेबलावरचा दिवा उचलून घेऊन आले होते. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात माझा कागद, तो त्यांनी घडी करून माझ्या शर्टाच्या खिशात कोंबला आणि दिवा आजींच्या गालाजवळ धरून उभे राहिले.